घसरणारा गिअर : आधी तेल, मग पाना



गेल्या काही महिन्यांत आमच्याकडे निरनिराळ्या गावांहून एकच तक्रार आली. डिमोनाचे एक गृहस्थ म्हणाले, "सर, पेडल दाबले की इंजिन ओरडते, पण गाडी पुढे जात नाही." लोदच्या एका भगिनींनी फोनवर सांगितले की, दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरमध्ये जाताना गाडी क्षणभर सुटल्यासारखी वाटते. अश्दोदच्या एका कुटुंबाला तर मुसाखवाल्याने बॉनेटसुद्धा न उघडता निकाल देऊन टाकला : "हालाख हागिर!" म्हणजे गिअर गेला, दुसरा बसवा. पेन्शनीवर जगणाऱ्या माणसाने असा निकाल ऐकला की त्याच्या पोटात गोळा येतो.

म्हणून या अंकात गाडीचा एक पाठ. आम्ही मेकॅनिक नव्हे. आयुष्यभर मुलांना विज्ञान शिकविले, आणि त्यातून एक सवय अंगी मुरली : कारण शोधायचे ते क्रमाने, सोप्यापासून अवघडाकडे. ऑटोमॅटिक गिअर घसरणे हे रोगाचे नाव नव्हे, ते लक्षण आहे. ताप आला म्हणजे मलेरियाच असेल असे नाही, आणि साधे पडसेच असेल असेही नाही. तपासल्याशिवाय औषध नको, आणि तपासल्याशिवाय रोग्याची आशा सोडणेही नको. ही गोष्ट आम्ही फुकट शिकलो नाही. एक गाडी घालवून शिकलो.

गेलेली गाडी

ही गोष्ट २००९ सालची. पेसाहच्या सुमारापासून आमच्या जुन्या गाडीला एक खोड लागली होती. सकाळी लिव्हर 'पी'वरून 'डी'वर आणला की गाडी लगेच ओढ घेत नसे. एक, दोन, तीन असे मोजेपर्यंत थांबे आणि मग धक्का देऊन निघे. आम्ही म्हटले, म्हातारी झाली आहे, उठायला वेळ लागणारच. उभ्या करण्याच्या जागी जमिनीवर तांबूस डाग दिसत. ते शेजाऱ्याच्या गाडीचे असतील असे आम्ही परस्पर ठरवून टाकले.

ऑगस्ट महिन्यात सासूबाईंचे गुडघे दुखतात म्हणून त्यांना एन बोकेकला मृत समुद्रावर नेले. परतताना अरादचा चढ लागला. मृत समुद्र समुद्रसपाटीच्या खाली ४०० मीटरहून अधिक, आणि अराद सपाटीच्या वर सुमारे ६०० मीटर. म्हणजे तीसेक किलोमीटरांत हजार मीटर चढायचे. अर्ध्या चढावर इंजिनच्या फेऱ्यांचा काटा चार हजारांच्या वर गेला आणि वेग मात्र ६० वरून ४० वर, ४० वरून २० वर उतरला. जळका वास आला. मग इंजिन चालू, लिव्हर 'डी'वर, आणि गाडी उभी! भर उन्हात चार माणसे, त्यांतील एक ऐंशी वर्षांची, दोन तास गरारची वाट पाहत रस्त्याच्या कडेला बसली.

मुसाखात गिअरबॉक्स उघडला तेव्हा आतल्या क्लचच्या चकत्या कोळशासारख्या काळ्या झाल्या होत्या. मूळ कारण काय? रेडिएटरकडे तेल नेणाऱ्या रबरी नळीची पकड सैल झाली होती. थेंब थेंब करीत दोनेक लिटर तेल गेले होते. पकड काही शेकेलची, आणि गिअरचा शिपूत्स गाडीच्या किमतीहून जास्त. गाडी पिरूकमध्ये गेली. ते तांबूस डाग शेजाऱ्याचे नव्हते.

पेटीच्या आत काय चालते

आता जरा वर्गात बसल्यासारखे बसावे. कारण आत काय चालते हे कळले तर पुढच्या पायऱ्या पाठ कराव्या लागणार नाहीत.

हाताने गिअर टाकायच्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये कोरडी क्लचप्लेट असते. ऑटोमॅटिकमध्ये त्या जागी तेल असते. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवा आणि एकच चालू करा. त्याच्या वाऱ्याने दुसऱ्याची पातीही फिरू लागतील. टॉर्क कन्व्हर्टर नावाच्या बंद डब्यात हेच होते, फक्त वाऱ्याऐवजी तेल. एक पंखा इंजिनला जोडलेला, दुसरा गिअरला, आणि मध्ये तेलाची दिशा वळविणारे एक लहान चाक. अशी गाडी मोठ्या प्रमाणावर प्रथम विकली ती अमेरिकेत, ओल्ड्समोबिलने १९४० च्या मॉडेलमध्ये. त्या हायड्रामॅटिक गिअरबॉक्समध्ये कन्व्हर्टरऐवजी तेलाची साधी जोडणी होती, पण काम तेलाचेच होते.

कन्व्हर्टरच्या मागे दातेरी चाकांचे संच असतात : मध्ये एक सूर्य, त्याच्याभोवती ग्रह, आणि बाहेर कडे. यांतील कोणते चाक धरायचे आणि कोणते सोडायचे यावर पहिला, दुसरा, तिसरा गिअर ठरतो. हे धरण्याचे काम क्लचच्या चकत्या करतात. लोखंडी चकती, अस्तराची चकती, पुन्हा लोखंडी, अशी त्यांची चळत असते. पत्त्यांचा जोड दोन तळव्यांत घट्ट दाबून फिरवा, सगळा जोड एकसंध फिरेल. तळवे सैल सोडा, पत्ते एकमेकांवरून सरकतील. हे सरकणे म्हणजेच आपला 'स्लिप'. आणि तळवे दाबण्याचे काम कोण करते? पुन्हा तेलच. एक पंप तेलाचा दाब तयार करतो, आणि तो दाब व्हॉल्व्हमधून योग्य त्या क्लचकडे जातो.

म्हणजे एकच तेल तीन कामे करते : शक्ती पोचविते, क्लच दाबते, आणि उष्णता बाहेर नेते. तेल कमी झाले की दाब कमी. दाब कमी झाला की चकत्या सरकणार. सरकल्या की घर्षणाने तापणार. तापल्या की अस्तर जळणार. आणि अस्तर जळले की आणखी सरकणार. ही साखळी पहिल्या कडीवर तुटली तर काम थोडक्यात भागते. शेवटच्या कडीवर गेली तर अरादचा चढ!

घसरणे कशाला म्हणावे?

खरी खूण एकच : इंजिनच्या फेऱ्या वाढतात आणि त्या प्रमाणात वेग वाढत नाही. पेडल दाबूनही फेऱ्याच वाढत नसतील, गाडी नुसती मरगळलेली असेल, तर दोष बहुधा इंजिनात आहे. प्लग, फिल्टर, पेट्रोलपंप पाहावेत. 'डी'वर टाकल्यावर दोन-तीन सेकंद उशीर लागणे, आणि गिअर बदलताना क्षणभर इंजिन भरकटणे, या घसरण्याच्या पहिल्या सूचना होत.

चार गोष्टींची मात्र गल्लत करू नये. पेडल एकदम तळापर्यंत दाबले की गिअर मुद्दाम खाली येतो आणि फेऱ्या वाढतात. ते योग्यच आहे. सपाट रस्त्यावर ६० ते ८० च्या वेगात खडबडीत पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथर जाणवली, तर संशय कन्व्हर्टरच्या आतील लॉक-अप क्लचवर किंवा जुन्या तेलावर घ्यावा. बिघाड दिसताच कॉम्प्युटर कधीकधी गाडी एकाच वरच्या गिअरमध्ये अडकवून ठेवतो. मग सुरुवातीला गाडी जड निघते, पण इंजिन मोकाट सुटत नाही. आणि आपली गाडी 'रोबोटिक' असेल तर आत नेहमीची क्लचप्लेट असते, सीव्हीटी असेल तर पट्टा असतो. त्यांची तपासणी व तेल वेगळे. हा पाठ चार-पाच गिअरांच्या जुन्या तेलाच्या ऑटोमॅटिकपुरता आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या दारात अजून तीच उभी आहे.

पहिली पायरी : पातळी

पंधरा-वीस मिनिटे गाडी चालवून तेल गरम करावे. सपाट जागी उभी करून हॅण्डब्रेक ओढावा. ब्रेकवर पाय ठेवून लिव्हर सर्व जागांवरून सावकाश फिरवावा, प्रत्येक ठिकाणी दोन-तीन सेकंद थांबावे, आणि परत 'पी'वर आणावा. बहुतेक गाड्यांत इंजिन चालू ठेवूनच पट्टी पाहायची असते. काही गाड्यांत लिव्हर 'एन'वर ठेवायचा असतो आणि काहींत इंजिन बंद करायचे असते. म्हणून गाडीचे पुस्तक उघडावे. ते हिब्रूत असेल तर नातवाला वाचायला बसवावे. त्यालाही दोन गोष्टी कळतील.

गिअरच्या तेलाची पट्टी इंजिनच्या पट्टीहून वेगळी असते, हे विसरू नये. सैल बाह्या आणि ओढणी पंख्यापासून दूर ठेवावी. पट्टी काढून पुसावी, पूर्ण आत घालावी, पुन्हा काढावी आणि पाहावी. पुसायला धागे न सुटणारे कापड घ्यावे. कापसाचा तंतू आत गेला तर बारीक व्हॉल्व्हमध्ये अडकू शकतो. पट्टीवर गार आणि गरम अशा दोन खुणा असतात. आपण गरम तेल पाहत आहोत, तेव्हा गरमच्या दोन रेघांमध्ये तेल असावे.

कमी असेल तर पाव पाव लिटर घालून दर वेळी पुन्हा मोजावे. घाईने जास्त ओतू नये. पातळी फार वाढली तर फिरणारी चाके तेल घुसळतात, त्याला फेस येतो, आणि फेसात दाब राहत नाही. म्हणजे कमी तेलाने जे होते तेच जास्त तेलानेही होते.

तेल कोणते? हा प्रश्न दुकानदाराच्या आठवणीवर सोडू नये. पुस्तकात किंवा पट्टीवर नाव छापलेले असते. कोणाला डेक्स्रॉन ३ लागते, त्या काळच्या पुष्कळ टोयोटा गाड्यांना टी-४, ह्युंदाई व मित्सुबिशीच्या अनेक जुन्या गाड्यांना एसपी-३. 'सगळ्यांना चालते' असे सांगून दिलेले तेल आपल्या पेटीला चालेलच असे नाही. चुकीच्या तेलानेही गिअर घसरतो आणि थरथरतो.

काही गाड्यांना पट्टीच नसते. त्यांचे तेल लिफ्टवर चढवून, तेलाचे तापमान मोजून, बाजूच्या बुचातून तपासतात. ते काम मुसाखाचे. जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. हे आम्ही वर्गातल्या सुरात सांगत आहोत, आणि दोनदा सांगत नाही.

दुसरी पायरी : रंग आणि वास

कोकणात आपल्या पूर्वजांना लोक शनिवारतेली म्हणत, हे आपण सर्व जाणतोच. घाण्यावर आयुष्य गेलेल्या माणसाला तेलाची पारख नाकाने आणि बोटांनी होत असणार. तीच पारख येथे कामी येते.

पट्टीवरचा एक थेंब पांढऱ्या कागदावर घ्यावा. नवे तेल बहुधा लाल व स्वच्छ असते. तपकिरी झाले असेल पण वास साधा असेल, तर तेल म्हातारे झाले आहे, बदलावे. काळे झाले असेल आणि जळका उग्र वास येत असेल, तर क्लचचे अस्तर जळाले आहे. ही वाईट बातमी. तेल दुधात गुलाबी सरबत घातल्यासारखे दिसत असेल, तर रेडिएटरमधील पाणी तेलात शिरले आहे. अशी गाडी एक किलोमीटरही चालवू नये, कारण ते पाणी अस्तराचा गोंद सोडविते. आणि बोटांत चोळल्यावर चमकणारा धातूचा चुरा लागला, तर आतली चाके किंवा बेअरिंग झिजत आहेत.

तिसरी पायरी : तेल गेले कोठे?

गिअरबॉक्स तेल पीत नाही. इंजिनप्रमाणे येथे तेल जळून कमी होत नाही. तेव्हा पातळी खाली गेली असेल तर गळती आहे, हे सिद्ध झालेच. नुसते तेल घालून विसरणे म्हणजे भोक पडलेल्या घड्यात पाणी भरणे.

रात्री गाडीखाली मोठा स्वच्छ पुठ्ठा पसरावा आणि सकाळी डाग कोठे आहे ते पाहावे. पुढे रेडिएटरच्या बाजूला असेल तर थंड करणाऱ्या नळ्या व त्यांच्या पकडी. चाकाच्या आतल्या अंगाला असेल तर चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचे सील. गिअरबॉक्सच्या बरोबर खाली असेल तर चेंबरचे गॅसकेट. इंजिन व गिअरबॉक्स यांच्या सांध्यात असेल तर कन्व्हर्टरचे पुढचे सील. त्यासाठी पेटी उतरवावी लागते. बाकीची तीन कामे तुलनेने स्वस्त आहेत. दुकानात गळती बंद करणाऱ्या बाटल्या मिळतात. त्या रबर फुगवून काही काळ गळती थोपवतात, पण फाटलेले सील शिवत नाहीत.

चौथी पायरी : केव्हा घसरतो?

तेल पुरेसे व स्वच्छ असूनही घसरत असेल, तर वही काढावी आणि आठ दिवस टिपण ठेवावे. मुसाखवाल्याला नुसते "हागिर माखलिक" म्हणण्यापेक्षा हे टिपण दहापट उपयोगी पडते.

सर्वच गिअरांत, मागे जातानासुद्धा घसरत असेल, तर दोष सर्वांना समान असलेल्या भागात शोधावा : तेलाची गाळणी, पंप, कन्व्हर्टर. एका-दोन गिअरांतच घसरत असेल, तर त्याच गिअरांना लागणारा क्लच किंवा त्याचा व्हॉल्व्ह. उदाहरणार्थ, काही चार गिअरांच्या पेट्यांत तिसऱ्या व चौथ्यासाठी एकच क्लच असतो. हे दोन घसरतात आणि पहिला, दुसरा व मागचा ठीक आहेत, तर संशयित सापडलाच. गणितात सामाईक अवयव काढतो, तसेच हे.

सकाळी गार असताना घसरतो आणि तापल्यावर सुधारतो, तर बहुधा आतली रबरी सीले कडक झाली आहेत. गार असताना ठीक आणि जेरुसलेमच्या चढावर तापल्यावर घसरतो, तर पातळ झालेल्या तेलाचा दाब कोठेतरी झिजलेल्या जागेतून निसटत आहे.

पाचवी पायरी : आकडे, केबल, सोलेनॉईड

या शतकातील बहुतेक गाड्यांचा कॉम्प्युटर चुकांची नोंद ठेवतो. पी०७०० म्हणजे 'गिअरविषयी तक्रार आहे' एवढेच. पी०७३१ ते पी०७३४ म्हणजे अनुक्रमे पहिल्या ते चौथ्या गिअरचे प्रमाण जुळत नाही. पी०७५०, पी०७५५ हे गिअर बदलणाऱ्या सोलेनॉईडांचे आकडे. सोलेनॉईड म्हणजे विजेवर उघड-मीट होणारा तेलाचा नळ. पी०७१५ व पी०७२० हे वेग मोजणाऱ्या सेन्सरांचे.

पण आकडा म्हणजे उत्तर नव्हे. मास्तर वहीवर 'उदाहरण चुकले' असा शेरा मारतात. कोणत्या पायरीला चुकले ते आपण शोधायचे असते. पी०७३३ वाचून कोणी पेटी बदलायला सांगू लागला, तर नम्रपणे विचारावे : "तेल पाहिले? वायर पाहिली? दाब मोजला?" पुष्कळ गाड्यांत खालचे चेंबर उघडून सोलेनॉईड बदलता येतो; पेटी उतरवावी लागत नाही. तेलाचा दाब मीटर लावून मोजता येतो, आणि पेटी उघडण्यापूर्वी तो मोजून घ्यावा.

त्याहून जुन्या गाड्यांत अॅक्सिलरेटरपासून गिअरबॉक्सकडे एक केबल जाते. ती तेलाचा दाब ठरविते. सैल झाली किंवा निसटली तर दाब अपुरा पडून चांगला क्लचही जळतो. लिव्हरची केबलही पाहावी. समोर 'डी' दिसतो पण आतला व्हॉल्व्ह दोन जागांच्या मध्ये अडकला आहे, असेही होते. ही दोन्ही कामे पाना फिरविण्याइतकीच आहेत.

एक ताकीद : ब्रेक दाबून 'डी'मध्ये पेडल तळापर्यंत दाबण्याची एक परीक्षा जाणते लोक करतात. ती घरी करू नये. काही सेकंदांत तेल फार तापते, आणि ब्रेक सुटला तर गाडी भिंतीत जाईल.

जुन्या पेटीत नवे तेल घालावे का?

"घालू नका, नव्या तेलाने जुना गिअर मरतो," असे पुष्कळजण सांगतात. यात अर्धे सत्य आहे. तेल तपकिरी आहे आणि गिअर धरतो आहे, तर बदलणे हिताचेच. चेंबर उघडून तेल काढले तरी बरेचसे कन्व्हर्टरमध्ये राहते. म्हणून मध्ये काही दिवस गाडी चालवून दोन-तीन वेळा बदलावे. त्याच वेळी गाळणी बदलावी आणि चेंबरमधील लोहचुंबक पाहावा. त्यावर राखी रंगाचा मऊ लेप असणे साधे आहे. टोकदार कपच्या असणे वाईट.

पण तेल काळे असून क्लच आधीच जळाला असेल, तर नवे तेल अस्तर परत आणू शकत नाही. अशा गाडीने तेल बदलल्यावर दम सोडला तर दोष तेलाला देऊ नये. यंत्राने दाब देऊन सगळे तेल पिटाळण्याचा प्रकार अशा पेटीवर मुळीच करू नये.

पेटी उघडायचीच असेल तर

लोदच्या त्या भगिनींच्या गाडीचे तेल काळे निघाले. दाबही कमी. तेथे आमचा क्रम गाडी वाचवू शकला नाही. पण त्यांना काय विकत घेत आहोत हे कळले. त्यांनी लेवी यित्झाकच्या मखिरोनमध्ये आपल्या गाडीची किंमत पाहिली, शिपूत्सचा खर्च विचारला, आणि दोन्ही आकडे शेजारी लिहिले. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला! त्यांनी गाडी तशीच, दोष सांगून विकली. दोष लपवून विकली नाही, हे आम्ही मुद्दाम नोंदवितो.

दुरुस्तीच करायची ठरली तर चार गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात : कोणते भाग बदलणार, जुने भाग आपल्याला दाखविणार, कन्व्हर्टर आणि तेल थंड करणाऱ्या नळ्या साफ करणार किंवा बदलणार, नाहीतर जुना चुरा नव्या क्लचमध्ये जातो, आणि हमी किती महिन्यांची. पिरूकमधली पेटी घ्यायची असेल तर आधी तिच्या तेलाचा वास घ्यावा.

तोपर्यंत घसरणारी गाडी चालवू नये. प्रत्येक किलोमीटर अस्तर खातो. आणि डावीकडे वळताना समोरून ट्रक येत असेल आणि गाडीने ओढच घेतली नाही, तर प्रश्न पैशाचा राहत नाही. गरार बोलावली तर गाडी पूर्ण वर चढवायला सांगावी. इंजिन बंद असताना पंप चालत नाही, आणि ओढली जाणारी चाके जमिनीवर फिरली तर पेटी तेलाविना फिरते.

राहिलेली गाडी

२०२१ साली आमच्या दुसऱ्या गाडीने तीच खोड दाखविली. 'डी'वर टाकले, एक, दोन, तीन. या वेळी घरचा प्रश्न मोठा होता. आमच्या सौ.ना आठवड्यातून दोनदा बेरशेवाच्या इस्पितळात उपचारासाठी न्यावे लागे, आणि उपचारानंतर बसमध्ये उभे राहण्याची ताकद त्यांच्यात उरत नसे. जवळच्या मुसाखात पेटी बदलायला सांगितली. सौ. म्हणाल्या, "अहो, आपण बसनेच जाऊ." त्या असे म्हणाल्या, म्हणजे त्यांनी मनात खर्चाचा हिशेब करून पाहिला होता.

आम्ही घरी आलो, तेल गरम करून पट्टी पाहिली. खालच्या रेघेच्याही बरेच खाली. रंग लालसर तपकिरी, वास साधा. रात्री पुठ्ठा ठेवला. सकाळी डाव्या चाकाच्या आतल्या अंगाला डाग. मग आठवले, काही महिन्यांपूर्वी त्याच बाजूचा दांडा बदलला होता, आणि तेव्हा सील दुखावले असावे. दुसऱ्या मुसाखात जाऊन म्हटले, "पेटीचे नंतर पाहू. आधी हे सील बदला आणि पुस्तकात लिहिलेले तेल घाला." दुपारपर्यंत काम झाले. गाडीने त्या दिवसापासून मोजायची संधी दिली नाही. उपचार संपेपर्यंत तिने आम्हांला प्रत्येक वेळी नेले आणि आणले, आणि आज सौ. पुढच्या सीटवर बसून आमच्या चालविण्यातल्या चुका काढतात.

उजळणी

पातळी, रंग, वास. मग गळती. मग केव्हा घसरतो याचे टिपण. मग आकडे, केबल, सोलेनॉईड, दाब. आणि सर्वांत शेवटी पेटी. जुने काढलेले तेल गटारात न टाकता मुसाखात द्यावे.

स्वाध्याय

१. तेलाची पातळी बरोबर, रंग लाल, पण फक्त तिसरा व चौथा गिअर घसरतो. आपण मुसाखवाल्याला काय सांगाल?

२. एका शेजाऱ्याने दर महिन्याला अर्धा लिटर तेल घालून गाडी 'ठीक' ठेवली आहे. त्याची चूक कोणती?

३. आपल्या गाडीला कोणते तेल लागते? हे उत्तर पाठात नाही. ते आपल्या गाडीच्या पुस्तकात आहे. आजच पाहावे, आणि जाता-येता उभ्या गाडीखालच्या जमिनीकडेही एक नजर टाकावी.